अवयव प्रत्यारोपणानंतर हात थरथरणं, झटके, भ्रम : नाशिककरांनो, आपले अनुभव इथे लिहा

गोदाकाठची :
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. माझ्या दादाचं किडनी ट्रान्सप्लान्ट झालं, आईने किडनी दिली, ऑपरेशन मुंबईत. आई आणि दादा दोघंही आता छान आहेत हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

ऑपरेशननंतर घरी आलो तेव्हा सगळ्यांचं लक्ष क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणाऱ्या रक्ताच्या टेस्टच्या आकड्यावर. तो आकडा सुरेख होता. पण दादाचे हात थरथरायला लागले. चहाचा कप बशीत वाजायचा, शर्टाचं वरचं बटण वहिनी लावून द्यायची, बँकेत सही जुळेना म्हणून स्लिप परत आली. येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणायचा अशक्तपणा आहे, एवढं मोठं ऑपरेशन झालंय, होईल हळूहळू. मग तोंडात पांढरा थर आला, गिळताना दुखायचं, म्हणून घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. ट्रान्सप्लान्ट झालंय हे सांगितलं होतं, पण कोणत्या गोळ्या चालू आहेत ते कुणी विचारलं नाही, फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध लिहून दिलं. त्यानंतर काही दिवसांतच डोकं भयंकर दुखायला लागलं आणि एका संध्याकाळी दादा म्हणाला की टीव्हीवरची अक्षरं दिसत नाहीत, नुसता उजेड दिसतोय. त्याच रात्री झटका आला. पूर्ण शरीराचा. आई शेजारीच होती.

१०८ ला फोन केला, इथल्याच एका हॉस्पिटलमध्ये नेलं, बीपी १९० च्या वर. तिथल्या रात्रीच्या डॉक्टरीणबाईंचे उपकार विसरणार नाही, त्यांनी पहिला प्रश्न विचारला "टॅक्रोलिमस चालू आहे का?" (शरीराने नवीन किडनी नाकारू नये म्हणून चालू असते ती गोळी, थोडक्यात टॅक्रो.) एमआरआय झाला, मेंदूच्या मागच्या बाजूला सूज निघाली. या प्रकाराला प्रेस (PRES) म्हणतात. टॅक्रोची रक्तातली लेव्हल हवी त्याच्या दुपटीपेक्षा जास्त आली. मुंबईच्या टीमशी फोनवर बोलून डोस थांबवला, मग कमी करून परत सुरू केला, बीपी आटोक्यात आणलं, झटक्याची गोळी दिली. नजर आठवड्याभरात परत आली, नंतरच्या एमआरआयमध्ये सूज गेलेली.

मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच की ट्रान्सप्लान्ट झालेल्या माणसाचं डोकं, डोळे, हात, बोलणं, वागणं यात काहीही नवीन दिसलं तर अशक्तपणा म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी ट्रान्सप्लान्टच्या टीमला फोन करा. आणि त्यांना विचारल्याशिवाय नवीन गोळी एकही नको, मग ती तोंड आल्याची का असेना. आपण नाशिकला, टीम मुंबईला नाहीतर पुण्याला, मधल्या वेळात जो डॉक्टर सापडेल त्याच्याकडे जावं लागतं, म्हणून आपल्याला हे जास्त माहीत पाहिजे. किडनी, लिव्हर, हार्ट, कुणाचंही असो, अनुभव लिहा.

सिन्नरकर :
ताई, वाचताना हातपाय गार पडले. माझ्या मिसेसचं किडनी ट्रान्सप्लान्ट होऊन तीनेक महिने झालेत, तिचेही हात थरथरतात, पोळी लाटताना जास्त जाणवतं, शिवाय पायाच्या बोटांना मुंग्या. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे. टॅक्रोची गोळी एक वेळची कमी करून बघू का? बीपी घरी मोजतो, १५० च्या आसपास असतं.

औषधवाला_सातपूर :
सिन्नरकर, गोळी स्वतःहून कमी करू नका, हात जोडून सांगतो. ती कमी पडली तर शरीर नवीन किडनीला परकी समजून हल्ला करतं, रिजेक्शन. आणि जास्त झाली तर ताईंनी लिहिलंय ते होऊ शकतं. दोन्हींच्या मधली पट्टी फार अरुंद आहे, म्हणून तर सारखी लेव्हल तपासतात.

मी मेडिकल चालवतो त्यामुळे गोळ्यांच्या बाजूने थोडं लिहितो. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून शोधलं गेलं. हे औषध आणि त्याच्या आधीचं सायक्लोस्पोरिन, दोन्हींमुळे हात थरथरणं, डोकेदुखी, झोप उडणं, हातापायाला मुंग्या हे बऱ्याच जणांना होतं, क्वचित झटके. लिव्हरमधलं जे एन्झाइम हे औषध मोडतं तेच इतर बऱ्याच औषधांशी गुंतलेलं असतं. बुरशीवरची फ्लुकोनॅझोल, केटोकोनॅझोल, अँटिबायोटिकपैकी क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बीपीवालं डिल्टियाझेम, ही घेतली की टॅक्रो शरीरात साचतं. उलट टीबीचं रिफाम्पिसिन, झटक्यावरचं फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, ही घेतली की लेव्हल धाडकन खाली. म्हणजे झटका आला म्हणून सवयीने फेनिटॉइन सुरू केलं तर किडनी धोक्यात, म्हणून बहुतेक ठिकाणी लेव्हेटिरासेटाम देतात, ते टॅक्रोच्या वाटेत येत नाही, फक्त किडनी किती काम करतेय त्यावर डोस ठरवावा लागतो.

आणखी एक, यातली काही औषधं टीम स्वतःसुद्धा देते, पण तेव्हा टॅक्रोचा डोस आधीच बदलून देते आणि लेव्हल बघते. औषध वाईट नाही, न सांगता घेणं वाईट. कंपनी बदलून दुसरी स्वस्त गोळी घेतानाही विचारा, आणि दिवसातून एकदाची लाँग अ‍ॅक्टिंग कॅप्सूल आणि दोनदाची साधी यांची अदलाबदल तर अजिबात नको. आमच्या काउंटरवर लोक "टॅक्रो द्या" एवढंच म्हणतात, मी दर वेळी जुनं पाकीट दाखवा म्हणतो, लोक चिडतात, चिडोत.

रात्रपाळी :
मी न्यूरॉलॉजीत काम करते. तपासल्याशिवाय कुणाला सल्ला देणार नाही, पण सिन्नरकर, तुम्ही पंधरा दिवस थांबू नका. आजच टीमला फोन करून थरथर, मुंग्या आणि बीपीचे आकडे सांगा. ते बहुधा टॅक्रो लेव्हल आणि मॅग्नेशियम करायला सांगतील. टॅक्रोमुळे लघवीतून मॅग्नेशियम वाहून जातं आणि ते खूप उतरलं की झटक्याची शक्यता वाढते, आणि नेमकी हीच तपासणी नेहमीच्या यादीत बरेचदा नसते. मला ही गोष्ट फार खटकते, साधी रक्ताची टेस्ट आहे.

प्रेसबद्दल. १९९६ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन छापून आलं, त्या रुग्णांमध्येही अशी औषधं घेणारे होते. बीपी वाढतं, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, पाणी बाहेर झिरपतं आणि सूज येते, जास्त करून मागच्या भागात. बघण्याचं केंद्र तिथेच आहे म्हणून आधी डोळ्यांपुढे धूसर होतं किंवा दिसेनासं होतं. डोळे तपासले तर डोळे ठीक असतात. वेळेत ओळखलं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात, पण आपोआप बरं होतं असं समजून थांबायचं नसतं, उशीर झाला तर कायमची इजा राहू शकते.

आणि हे महत्त्वाचं, लेव्हल नॉर्मल आली म्हणून टॅक्रोचा दोष नाही असं म्हणता येत नाही. लेव्हल हव्या त्या पट्टीत असतानाही काहींना त्रास होतो. तेव्हा रिपोर्टबरोबर माणूसही बघावा लागतो.

पंचवटी_कारंजा :
आमचा अनुभव लिव्हरचा. बाबांचं लिव्हर ट्रान्सप्लान्ट पुण्याला झालं. आधी वर्षभर लिव्हर खराब असल्यामुळे अमोनिया वाढून ते असंबद्ध बोलायचे, दिवसा झोपायचे आणि रात्री जागे, एकदा तर रामकुंडाला जायचं म्हणून पहाटे दार उघडून निघाले होते. डॉक्टर म्हणाले होते नवीन लिव्हर बसलं की हे जाईल. ऑपरेशननंतर व्हेंटिलेटर काढला, डोळे उघडले, आमच्याकडे बघायचे, पण बोलणं बंद. तोंडातून शब्द नाही, घास गिळता येईना, हातापायात जोर नाही. आईला वाटलं ओळखतच नाहीत. पण डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणजे कळत होतं सगळं.

एमआरआयनंतर कळलं की मेंदूच्या देठाच्या भागात नसांचं आवरण खराब झालंय. आधी सोडियम फार कमी होतं आणि ऑपरेशनच्या धामधुमीत ते भराभर वर गेलं. आम्हाला कुणाला दोष द्यायचा नाही, त्या रात्री रक्ताच्या किती पिशव्या आणि सलाइन लागलं ते आम्ही पाहिलंय. सांगायचं ते हे की बाबा परत आले. नाकातली नळी, मग स्पीच थेरपी, आधी पातळ काही नाही, सगळं घट्ट करून चमच्याने, मग एकेक शब्द. पहिला शब्द माझ्या मुलीचं नाव होता. अजून चालताना आधार लागतो, बोलणं थोडं जड आहे, पण संध्याकाळी पेपर वाचून दाखवतात सगळ्यांना. फिजिओथेरपी सोडू नका, घरच्यांनी कंटाळू नका, सुधारणा महिनोन्महिने होत राहते.

रात्रपाळी :
पंचवटी, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. मज्जासंस्थेचे त्रास लिव्हरच्या पेशंटमध्ये इतरांपेक्षा जास्त दिसतात, कारण मेंदू आधीच महिनोन्महिने अमोनियाचा मारा सहन करत असतो. तुम्ही म्हणताय तो प्रकार सोडियम लवकर वाढल्याने होतो, म्हणून लिव्हरच्या पेशंटचं सोडियम आधीपासून हळूहळू सुधारायचा प्रयत्न करतात. आणि बोलणं बंद होण्याचं दुसरं कारण टॅक्रो किंवा सायक्लोस्पोरिन स्वतःच असू शकतं, तिथे औषध बदललं की बोलणं परत येतं. म्हणून "बोलत नाही, डिप्रेशन असेल" असं म्हणून सोडायचं नाही.

निफाडचा_बागायतदार :
मी स्वतः पेशंट, बायकोची किडनी घेतलीय. माझा त्रास वेगळाच. सुरुवातीला स्टिरॉइडचा डोस मोठा होता तेव्हा रात्र रात्र झोप नाही, डोक्यात विचारांची गर्दी, घरच्यांवर ओरडायचो, एकदा तर वाटलं भाऊ माझी बाग विकायला निघालाय. बायको शहाणी, तिने भांडण न करता सरळ डॉक्टरांना सांगितलं. स्टिरॉइडने असं होतं म्हणाले, डोस उतरवत गेले तसं डोकं शांत झालं. आता मांड्यांत ताकद नाही, उकिडवं बसलो की हाताला धरून उठवावं लागतं. आणि ऑपरेशनच्या बाजूची मांडी पुढून बधिर आहे.

प्रश्न असा की छाटणी आणि फवारणीला बागेत जाऊ का? दोन एकर आहे, मजुरांवर सोडून चालत नाही. आणि द्राक्षं खाल्ली तर चालतात ना, कुणी सांगतं चालत नाहीत. निफाडच्या माणसाला द्राक्षं बंद म्हणजे अवघड आहे हो.

औषधवाला_सातपूर :
भाऊ, द्राक्षं चालतात, भरपूर पाण्याने नीट धुऊन खा. जे चालत नाही ते पपनस, चकोतरा आणि त्या जातीची मोठी कडवट लिंबूवर्गीय फळं, त्यांनी टॅक्रोची लेव्हल वाढते. शुगर असेल तर किती खायची ते डॉक्टर सांगतील.

रात्रपाळी :
स्टिरॉइडने मांड्या आणि खांद्यांचे स्नायू कमजोर होतात, डोस उतरला आणि व्यायाम सुरू राहिला की सुधारतात. मांडीचा बधिरपणा बहुधा ऑपरेशनच्या वेळी तिथल्या नसेवर दाब आल्याने, तोही बहुतेकांचा काही महिन्यांत जातो, पण चालताना गुडघा अचानक दुमडत असेल तर दाखवून घ्या.

बागेचं मात्र टीमला विचारून ठरवा. पहिले सहा महिने प्रतिकारशक्ती सगळ्यात दबलेली असते, त्या काळात माती, शेणखत, कुजलेला पाला यांच्यापासून लांबच राहायला सांगतात. मातीत नोकार्डिया नावाचा जिवाणू असतो, हवेत बुरशीचे कण असतात, ते फुप्फुसातून मेंदूपर्यंत जाऊन गाठ करू शकतात. नंतरही हातमोजे, चांगला मास्क, जखम झाकलेली. फवारणी तर दुसऱ्यालाच करू द्या. आणि कबुतरं! बिल्डिंगच्या डक्टमध्ये, ग्रिलवर त्यांची वाळलेली विष्ठा साचते, त्यात क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असते, तिचा मेंदूज्वर होतो. ते साफ करायचं काम ट्रान्सप्लान्ट झालेल्या माणसाने कधीच करू नये.

इथे थांबून एक गोष्ट सांगते. आपल्या मनात मेंदूज्वर म्हणजे कडक ताप आणि मान ताठ. या पेशंटना स्टिरॉइड चालू असतं, बरेचदा ताप येतच नाही किंवा अगदी बारीक येतो, मानही मऊच असते. नुसतं डोकं दुखतं, दोन-तीन आठवडे, रोज थोडं वाढत, आणि माणूस हळूहळू मंद होत जातो. टीबीचा मेंदूज्वरही असाच येतो आणि आपल्याकडे टीबी भरपूर. त्यामुळे प्रत्यारोपणानंतर दोन-चार दिवस टिकणारी नवीन डोकेदुखी म्हणजे डॉक्टर गाठायचाच. पाठीतलं पाणी काढायला सांगितलं तर घाबरून नको म्हणू नका, त्या पाण्यावरून नेमकं कळतं काय आहे ते. मधल्या वेळात डोकं दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका, किडनीला मारक आहेत.

सह्याद्री_वारा :
माझ्या मावशींना गुळवेलीचा काढा आणि थोडं अश्वगंधा यांनी खूप फरक पडला होता, मज्जातंतू मजबूत होतात. सिन्नरकरांनी मिसेसना देऊन बघायला हरकत नाही, नैसर्गिक आहे.

गोदाकाठची :
सह्याद्री, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय, पण इथे हा सल्ला राहू द्यायला माझं मन तयार नाही. गुळवेल लोक कशासाठी घेतात, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, नाहीतर ती किडनीवरच उलटेल. शिवाय गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले पेशंट आपल्याच देशात नोंदले गेलेत. मावशींचं ट्रान्सप्लान्ट झालेलं नव्हतं ना? मग तुलना नको. सिन्नरकर, कृपा करून देऊ नका.

सह्याद्री_वारा :
नव्हतं झालेलं. ठीक आहे ताई, मागे घेतो.

लॅबवाला_भाऊ :
मी सॅम्पल कलेक्शन करतो. टॅक्रो लेव्हलच्या बाबतीत रोज दिसणारी गोष्ट. ही लेव्हल सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायची असते, रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी. लोक सकाळी आठला गोळी घेऊन नऊला येतात, मग आकडा फुगलेला येतो आणि घरात रडारड. गोळी घरी न घेता बरोबर आणा, सॅम्पल दिलं की इथेच पाणी पिऊन घ्या. रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते आम्हाला सांगा, आम्ही फॉर्मवर लिहितो. रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्येच गेलं पाहिजे, ही टेस्ट पूर्ण रक्तावर होते, सीरमवर नाही. आमच्याकडचं सॅम्पल पुढे मुंबईला जातं त्यामुळे रिपोर्टला वेळ लागतो, तेव्हा झटका किंवा नजर गेल्यासारखं असेल तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, आधी हॉस्पिटल.

औषधवाला_सातपूर :
बरोबर. आणि जुलाब लागले तरी टॅक्रोची लेव्हल वाढते, हे फार कमी जणांना माहीत असतं. जुलाब म्हणजे औषध वाहून जात असेल असं वाटतं ना, होतं उलट. पावसाळ्यात नाशिकला पोट बिघडणं घरोघरी, तेव्हा दोन दिवसांवर जुलाब टिकले की टीमला कळवा.

सिन्नरकर :
मंडळी, अपडेट देतो. त्याच दिवशी फोन केला, कोऑर्डिनेटर मॅडमनी सगळं शांतपणे विचारलं आणि टेस्ट सांगितल्या. लेव्हल पट्टीच्या थोडी वर, मॅग्नेशियम बरंच कमी. मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या, टॅक्रो थोडं उतरवलं, बीपीची गोळी वाढवली. थरथर पूर्ण गेली नाही पण पोळ्या गोल व्हायला लागल्या असं तीच म्हणते. डॉक्टर म्हणाले थोडी थरथर राहू शकते आणि तेवढ्याने घाबरायचं नाही. तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, रात्रपाळी ताई तुमचे विशेष.

इंदिरानगर_७ :
ताई, आणीबाणीत कुठल्याही हॉस्पिटलमध्ये दाखवायला कागद कसा करावा? आमच्याकडे तीन जाडजूड फायली आहेत, रात्री त्या कोण वाचणार.

गोदाकाठची :
आम्ही वहीच्या पानाएवढा एकच कागद केला, लॅमिनेट करून दादाच्या पाकिटात, एक प्रत वहिनीच्या पर्समध्ये, फोटो सगळ्यांच्या फोनवर. वर मोठ्या अक्षरात "किडनी ट्रान्सप्लान्ट पेशंट, टॅक्रोलिमस चालू". खाली सगळ्या गोळ्या, डोस, वेळा, शेवटची लेव्हल आणि क्रिएटिनिन तारखेसकट, टीमचा रात्रीचा नंबर, आणि लाल शाईत "ट्रान्सप्लान्ट टीमला फोन केल्याशिवाय बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, झटक्याचं औषध, पेनकिलर सुरू करू नये". झटका चालू असताना मात्र डॉक्टर तिथल्या तिथे जे इंजेक्शन देतील ते देऊ द्यायचं, तेव्हा फोनची वाट बघायची नाही, हे मला न्यूरॉलॉजिस्टनी बजावून सांगितलंय. लेव्हल बदलली की कागद नवीन. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबई जवळ आली खरी, पण झटका आलेल्या माणसाला गाडीत घालून तेवढं अंतर जाऊ नका, आधी इथेच जवळच्या आयसीयूमध्ये स्थिर करा, मग टीम सांगेल तसं हलवा.

इंदिरानगर_७ :
खूप उपयोगी. अजून एक, २०२७ च्या सिंहस्थात सासूबाईंना रामकुंडावर स्नान करायचंय, तोवर ट्रान्सप्लान्टला दीडेक वर्ष झालेलं असेल. त्यांच्या आयुष्यात परत योग येईल का माहीत नाही म्हणतात. कसं समजवायचं?

रात्रपाळी :
त्यांची इच्छा मी समजू शकते, माझ्या आजीचीही तीच असायची. पण लाखोंच्या गर्दीत, त्या पाण्यात, प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाने उतरू नये. तोंडानाकात पाणी गेलं की पोटाचं, फुप्फुसाचं इन्फेक्शन होऊ शकतं, आणि गर्दीत खोकल्याचं वेगळं. गर्दीच्या तारखा टाळून एखाद्या सकाळी मास्क लावून लांबून दर्शन घेऊ देत, गोदेचं पाणी अंगावर घ्यायचंच असेल तर नको म्हणा. टीमला विचारा, तेही हेच सांगतील. आणि फ्लू, न्यूमोनियाच्या लशी त्याच्या आधी घेऊन ठेवा, जिवंत विषाणूच्या लशी मात्र त्यांना चालत नाहीत, कोणती कुठल्या प्रकारची ते लस टोचणाऱ्याला ट्रान्सप्लान्ट झालंय सांगून विचारायचं.

पंचवटी_कारंजा :
आमचं घर रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर आहे. गर्दी नसेल त्या दिवशी सासूबाईंना गच्चीवर घेऊन या, तिथून घाट पूर्ण दिसतो. व्यक्तिगत निरोप करते.